बारावीनंतरचा शैक्षणिक मेळावा: आदल्या आठवड्यापासून पुढच्या दोन दिवसांपर्यंत काय करायचं

मे-जून आला की पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर इथे शैक्षणिक मेळावे भरतात. बहुतेक कुटुंबं दुपारी पोचतात, दाराशी मिळालेली पिशवी माहितीपत्रकांनी भरतात, दहा-पंधरा स्टॉलांवर मोबाइल नंबर लिहून देतात आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारतात: "कॉम्प्युटरला कितीपर्यंत लागतं?" उत्तरही सगळीकडे एकच मिळतं: "एकदा कॅम्पसला येऊन भेटा, बघू." घरी आल्यावर कुणी काय सांगितलं ते आठवत नाही. दुसऱ्या दिवसापासून फोन मात्र सुरू होतात.

मेळाव्याचा उपयोग होतो, पण त्यातलं निम्मं काम तिथे जाण्याआधीच उरकलेलं असावं लागतं. खाली ते क्रमाने दिलं आहे. उदाहरणं मुख्यतः महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची आहेत. बीबीए-बीसीएलाही २०२४ पासून राज्याची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) लागू झाली आहे, त्यामुळे त्या आणि फार्मसीच्या विद्यार्थ्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पायरी १. कोण कोण येणार आहे ते आधी बघा

सहभागी संस्थांची यादी आयोजकांच्या जाहिरातीत किंवा संकेतस्थळावर असते. ती मिळवा आणि प्रत्येक नावापुढे संस्थेचा प्रकार लिहा. स्टॉल सगळे सारखेच दिसतात, पण त्यामागचे नियम वेगळे असतात.

पहिला प्रकार विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांचा. यात स्वायत्त कॉलेजंही आली. इथले बहुतेक प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून होतात. खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं.

दुसरा प्रकार खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांची प्रवेश प्रक्रिया स्वतःची असते, तारखा स्वतःच्या असतात आणि फीसुद्धा वेगळ्या पद्धतीने ठरते. मेळाव्यात सर्वात मोठे, सर्वात सजवलेले स्टॉल बहुधा यांचेच असतात.

तिसरा प्रकार सल्लागार संस्थांचा, म्हणजे एजंटांचा. त्यांचं स्वतःचं कॉलेज नसतं. अनेकदा ते ज्या संस्थांकडून मोबदला घेतात त्यांचीच नावं सुचवतात.

सावध: सरकारी सवलती या फरकावर अवलंबून आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिक दुर्बल (ईडब्ल्यूएस), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. खासगी आणि अभिमत विद्यापीठं तसंच व्यवस्थापन कोटा (कॉलेज स्वतः भरतं त्या जागा) यातून वगळलेले आहेत. "मुलींना फी माफ आहे ना?" असं मोघम विचारलं तर "हो, सरकारची योजना आहे" असं तितकंच मोघम उत्तर मिळतं. "तुमच्या संस्थेत, माझ्या मुलीच्या प्रवर्गाला, कॅपमधून आल्यावर पहिल्या वर्षी नक्की किती रुपये भरावे लागतील?" असं विचारा.

पायरी २. स्वतःबद्दलचा एक कागद तयार करा

एका पानावर पुढच्या गोष्टी लिहा: सीईटीचे पर्सेंटाइल (निकाल लागला नसेल तर सराव परीक्षांवरून धरलेला अंदाज, वरचा आणि खालचा), बारावीचे भौतिकशास्त्र-गणिताचे गुण, प्रवर्ग, बारावी कोणत्या जिल्ह्यातून केली, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न, वसतिगृह हवं की नको, आणि वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च झेपेल.

शेवटचा आकडा आई-वडिलांनी मुलासमोर, स्पष्ट बोलून ठरवायचा. हे बोलणं टाळलं जातं आणि मग स्टॉलवर मुलगा एका कॉलेजात रमतो, वडील दुसऱ्याच स्टॉलकडे ओढत राहतात.

कागदपत्रांची स्थितीही याच पानावर हवी: वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेयर, ईडब्ल्यूएस, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. यांपैकी जे लागू आहेत त्यांच्यापुढे "हातात आहे", "अर्ज केला" किंवा "बाकी" लिहा. नॉन-क्रिमीलेयरची मुदत तारखेनिशी तपासा. मागच्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र ३१ मार्चलाच संपलेलं असणं ही फार नेहमीची चूक आहे. जात वैधतेला वेळ लागतो. तो अर्ज राहिला असेल तर मेळावा बाजूला ठेवून आधी ते काम करा.

पायरी ३. कटऑफ बघून सहा कॉलेजं निवडा

सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक फेरीच्या कटऑफच्या, म्हणजे शेवटचा प्रवेश कितीवर झाला त्याच्या, पीडीएफ असतात. मागच्या दोन वर्षांच्या, पहिल्या आणि शेवटच्या फेरीच्या उतरवून घ्या. त्यांत प्रत्येक कॉलेजाखाली शाखा, शाखेखाली प्रवर्गांचे रकाने आणि रकान्यात दोन आकडे असतात: वरचा गुणवत्ता क्रमांक, खाली कंसातला पर्सेंटाइल.

रकान्यांची नावं वाचता आली नाहीत तर सगळा अंदाज चुकतो. 'जीओपनएच' मध्ये पहिला जी म्हणजे सर्वसाधारण जागा. त्याऐवजी एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचा एच म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या विद्यार्थ्यांसाठी, ओ म्हणजे क्षेत्राबाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरीय. नाशिकच्या विद्यार्थ्याने नागपूरच्या कॉलेजाचा एच रकाना वाचून आशा धरली, तर ती चुकीच्या रकान्यावर धरलेली असते. 'टीएफडब्ल्यूएस' हा रकाना शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागांचा. त्याचा कटऑफ बहुतेक वेळा खुल्यापेक्षाही वर जातो. ८ लाखांपेक्षा कमी उत्पन्न आहे एवढ्यावर ती जागा मिळेल असं धरून चालू नका.

आता यादी करा. दोन कॉलेजं तुमच्या पर्सेंटाइलच्या थोडी वर, दोन जवळपास, दोन खाली. एकूण सहा. मेळाव्यात पन्नास स्टॉल असले तरी नीट बोलणं सहा-सात ठिकाणीच होतं.

तपासा: यादीतल्या प्रत्येक कॉलेजासमोर हव्या असलेल्या शाखेचा निवड संकेतांक (कॅपच्या अर्जात भरायचा क्रमांक), दोन वर्षांचे कटऑफ आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी लिहिली आहे का? फी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावाने सापडते. हे तीन आकडे हातात असले की स्टॉलवरची पहिली पाच मिनिटं वाचतात.

पायरी ४. प्रश्न काढा

जे संकेतस्थळावर लिहिलेलं आहे ते स्टॉलवर विचारू नका. कटऑफ, शाखांची नावं, जागांची संख्या घरी बसून कळते. कागदावर नसलेलं आणि आकड्यात उत्तर येईल असं विचारा. तयारीतला सर्वात जास्त वेळ इथे द्या, कारण घरून ठरवून नेलेले प्रश्नच गर्दीत टिकतात.

प्लेसमेंटबद्दल "किती टक्के?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. समजा एका शाखेत १८० विद्यार्थी शेवटच्या वर्षाला आहेत. कॉलेजाने 'पात्र' फक्त ११० धरले: ज्यांचे गुण ठरावीक मर्यादेवर आहेत, ज्यांचा विषय राहिलेला नाही, ज्यांनी नाव नोंदवलं आहे असे. त्यांतल्या ९९ जणांना नोकरी लागली. फलकावर '९० टक्के' येतं. १८० वर मोजलं तर ते ५५ टक्के होतं. दोन्ही आकडे खरे, पण तुमच्या मुलाला १८० मधलाच एक होऊन जायचं आहे. म्हणून तीन आकडे वेगवेगळे मागा: या शाखेतून किती जण उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी मिळाली, आणि एकाच विद्यार्थ्याच्या दोन-तीन ऑफर मोजून आकडा फुगलेला नाही ना.

'सर्वाधिक पॅकेज' एका विद्यार्थ्याचं असतं. मधला पगार विचारा, म्हणजे सगळ्यांचे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मध्ये येणारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना ही माहिती भरून द्यावी लागते आणि स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवावी लागते: किती जणांनी प्रवेश घेतला, ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, मधला पगार किती. मेळाव्याआधी ही पीडीएफ शोधा. स्टॉलवरचा आकडा आणि या पीडीएफमधला आकडा यांत मोठी तफावत असेल तर तिथेच तिचं कारण विचारा. एवढं लक्षात ठेवा की एनआयआरएफचा आकडा सगळ्या शाखांचा एकत्र असतो.

नव्या नावाच्या शाखा असतील, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सुरक्षा, तर पहिला प्रश्न हा: "या शाखेच्या किती बॅच बाहेर पडल्या?" उत्तर शून्य किंवा एक असेल तर दाखवलेले प्लेसमेंटचे आकडे दुसऱ्या शाखांचे आहेत. एनबीए मानांकनही (अभ्यासक्रमाच्या दर्जाचं राष्ट्रीय मानांकन) त्या शाखेला अजून मिळालेलं असणार नाही, कारण त्यासाठी दोन बॅच उत्तीर्ण झालेल्या लागतात. पुढचा प्रश्न: या शाखेला स्वतंत्र पूर्णवेळ प्राध्यापक किती, आणि कॉम्प्युटर विभागाकडून उसने घेतलेले किती?

मानांकनात नेहमी गोंधळ होतो. नॅक संपूर्ण संस्थेला श्रेणी देतं. एनबीए एकेका अभ्यासक्रमाला मानांकन देतं. 'एनबीए मानांकित कॉलेज' असं लिहिलेलं असलं तरी मेकॅनिकलला मानांकन आहे आणि तुम्हाला हव्या असलेल्या शाखेला नाही, असं असू शकतं. "कोणत्या शाखांना, कोणत्या तारखेपर्यंत?" असं विचारा. नॅकमध्ये अ++ म्हणजे ४ पैकी ३.५१ किंवा त्याहून जास्त, अ+ म्हणजे ३.२६ ते ३.५०, अ म्हणजे ३.०१ ते ३.२५. श्रेणीसोबत गुण आणि वर्षही विचारा, कारण मुदत संपलेली श्रेणी फलकावर तशीच राहते. 'एनआयआरएफमध्ये सहभागी' म्हणजे क्रमांक मिळालेला असतोच असं नाही.

स्वायत्त कॉलेजात अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजाच्या असतात, पदवी मूळ विद्यापीठाची. स्वायत्ततेची मुदत कधीपर्यंत आहे आणि विषय राहिला तर फेरपरीक्षा किती दिवसांत होते, हे दोन प्रश्न पुरेत. दुसरा प्रश्न फार कमी पालक विचारतात. पण मध्येच वर्ष वाया जाणार की नाही हे त्यावरच ठरतं.

खर्चाचे प्रश्न पालकांनी विचारायचे. मंजूर फीमध्ये शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क असतं. वसतिगृह, मेस, बस, अनामत वेगळी. खालचा हिशेब फक्त पद्धत दाखवण्यासाठी आहे, आकडे तुमच्या कॉलेजाचे घाला: फी १,३०,०००, वसतिगृह ६०,०००, मेस महिना ३,५०० प्रमाणे १० महिन्यांचे ३५,०००, परीक्षा व इतर १०,०००, घरी येणं-जाणं ८,०००. वर्षाचे २,४३,०००, चार वर्षांचे ९,७२,०००. एक लॅपटॉप ५०,००० धरला तर १०,२२,०००. फी दरवर्षी वाढली तर याच्याही वर. वसतिगृह पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना मिळतं का, की लांबच्यांना आधी, हेही विचारा. न मिळाल्यास बाहेरच्या खोलीचं भाडं या हिशेबात येतं.

शिष्यवृत्तीबद्दल "आमच्याकडे स्कॉलरशिप आहे" एवढ्यावर थांबू नका. ती सरकारची की संस्थेची? सरकारची असेल तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अर्ज करावा लागतो; राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. संस्थेची असेल तर ती पहिल्या वर्षापुरती आहे की चारही वर्षं, आणि कोणत्या गुणांखाली बंद होते? दुसऱ्या वर्षी सवलत बंद झाली की पूर्ण फी भरणं किंवा सोडणं एवढेच मार्ग उरतात.

तपासा: प्रत्येक कॉलेजासाठी पाचच प्रश्न निवडा. त्यांतले तीन सगळ्यांना सारखे असू द्या, म्हणजे नंतर तुलना करता येते. उरलेले दोन त्या कॉलेजाचे खास.

पायरी ५. आदल्या दिवशी

सोबत न्या: तो एक कागद, कटऑफची यादी, प्रश्नांची वही, दोन पेनं, पाण्याची बाटली. गुणपत्रिकांच्या झेरॉक्स एक-दोन पुरेत. मूळ कागदपत्रं घरी ठेवा. मेळाव्यात त्यांची गरज पडत नाही, आणि मूळ कागद अडकवून ठेवले की दुसरीकडे प्रवेश घेणं अवघड होतं.

एक नवा ईमेल पत्ता काढा आणि सगळीकडे तोच द्या. मोबाइल नंबर एकच द्या, तोही शक्यतो पालकांचा. विद्यार्थ्याचा नंबर दिला तर ऐन अर्ज भरण्याच्या दिवसांत त्याला दिवसाला वीस-वीस फोन येतात आणि सीईटी कक्षाचा महत्त्वाचा संदेश त्या गर्दीत हरवतो. नंतर १९०९ वर नोंदणी करून जाहिरातींचे फोन कमी करता येतात.

पायरी ६. मेळाव्यातले अडीच तास

दार उघडतं त्या वेळी पोचा. पहिल्या तासात स्टॉलवर माणसं मोकळी असतात. रविवारी दुपारी एका समुपदेशकापुढे दहा-बारा कुटुंबं उभी राहतात आणि पाच प्रश्न विचारता येत नाहीत.

आत गेल्यावर थेट यादीतल्या स्टॉलवर जाऊ नका. दहा मिनिटं फिरून कोण कुठे आहे ते बघा, मग यादीतल्या तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या कॉलेजापासून सुरुवात करा. पहिल्या स्टॉलवर जीभ अडखळते, प्रश्न विसरतात. सर्वात हव्या असलेल्या कॉलेजाजवळ तिसऱ्या खेपेला जा.

स्टॉलवर बोलण्याआधी विचारा: "आपण कोणत्या विभागात आहात?" समोर प्राध्यापक असतील तर अभ्यासक्रम, प्रयोगशाळा, प्रकल्प यांचे प्रश्न काढा. प्रवेश विभागातले असतील तर फी आणि वसतिगृहाचे. मेळाव्यापुरती नेमलेली मुलं असतील तर प्राध्यापकांशी बोलायचं आहे असं सांगा आणि त्यांची वेळ घ्या. संस्थेचे आजी-माजी विद्यार्थी उभे असतील तर त्यांना वेगळं गाठून विचारा: प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी असते, मेसचं जेवण कसं आहे, शेवटच्या वर्षी इंटर्नशिप स्वतः शोधावी लागते का.

विद्यार्थ्याने बोलायचं, एका पालकाने फीचे प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने लिहायचं. वडीलच सगळं बोलले तर समुपदेशकही त्यांच्याशीच बोलतात आणि मुलगा मोबाइल बघत उभा राहतो.

एका स्टॉलवर दहा-बारा मिनिटं. तिथून निघालात की लगेच पुढच्या स्टॉलकडे जाऊ नका. बाजूला उभं राहून तीन मिनिटं लिहा: कुणाशी बोललो (पद आणि विभाग), पाच उत्तरं, आणि कोणतं उत्तर टाळलं गेलं. ही तीन मिनिटं वगळली की चौथ्या स्टॉलनंतर सगळ्यांची उत्तरं एकमेकांत मिसळतात.

सावध: मेळाव्यात पैसे भरू नका. "आज पाच हजार टोकन भरा, जागा राखून ठेवतो", "सवलत आजच्या दिवसापुरती आहे" हे जागोजागी ऐकू येतं. कॅपमधली जागा कोणतंही कॉलेज टोकनवर राखून ठेवू शकत नाही. ती वाटप प्रक्रियेतूनच मिळते. संस्थास्तरावरच्या जागांनाही जाहिरात, अर्ज आणि गुणवत्ता यादी लागते. मंजूर फीपेक्षा जादा रक्कम मागणं हे १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याखाली येतं. खासगी विद्यापीठात खरंच जायचं ठरलं असेल तरी फी परताव्याचे लेखी नियम वाचून, घरी दोन रात्री विचार करून, संस्थेच्या अधिकृत खात्यावर पैसे भरा आणि पावती घ्या.

पायरी ७. त्याच संध्याकाळी आणि पुढचे दोन दिवस

संध्याकाळी वही उघडून सहा कॉलेजांचा एक तक्ता करा. ज्या कॉलेजाने सारख्या तीन प्रश्नांपैकी दोन टाळले, त्यापुढे खूण करा. यादीत नसलेल्या स्टॉलांची माहितीपत्रकं रद्दीत जाऊ द्या.

मग पडताळणी. जागांची संख्या आणि मान्यता एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या, मान्यतापत्रात असते. ते पत्र कॉलेजाच्या संकेतस्थळावर हवं. फी प्राधिकरणाच्या यादीशी ताडा. एनबीएची मुदत एनबीएच्याच संकेतस्थळावर. विद्यापीठ असेल तर यूजीसीच्या यादीत नाव बघा. स्टॉलवर दिलेलं आश्वासन, म्हणजे सवलत, वसतिगृह किंवा बसमार्ग, संस्थेच्या अधिकृत ईमेलवर लिहून विचारा: "दिनांक अमुक रोजी मेळाव्यात आपल्या प्रवेश विभागाने असं सांगितलं, कृपया लेखी कळवावं." आठवडाभरात उत्तर आलं नाही तर ते आश्वासन हिशेबातून काढून टाका.

शेवटच्या तीन कॉलेजांना प्रत्यक्ष भेट द्या, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. तासिका चालू आहेत का, प्रयोगशाळेत यंत्रं वापरात आहेत की झाकून ठेवलेली, ग्रंथालयात मुलं बसलेली आहेत का, एवढं अर्ध्या तासात दिसतं. कॅम्पस सुट्टीच्या दिवशी पाहिला तर फक्त इमारत दिसते.

हीच यादी पुढे कॅपच्या पसंतीक्रमात उतरते. तिथे कॉलेजं मिळण्याच्या शक्यतेने लावू नका, आवडीच्या क्रमाने लावा. वाटप वरच्या पसंतीपासून तपासलं जातं, त्यामुळे अवघड कॉलेज वर लिहिलं म्हणून खालची संधी जात नाही. मात्र वरच्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप पक्की होऊ शकते. कोणत्या फेरीत कितव्या पसंतीपर्यंत असं होतं, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. अर्ज पक्का करण्याआधी ते पान वाचा.